स्टेंट घालावा की नाही? टेबलावर जाण्याआधी करायचा हिशेब

अँजिओग्राफी चालू असताना रुग्ण जागाच असतो. मनगटापाशी जागा बधिर करून एक बारीक नळी आत सरकवलेली असते, शेजारच्या पडद्यावर त्याच्याच हृदयाच्या रक्तवाहिन्या काळ्या डहाळ्यांसारख्या प्रत्येक ठोक्याला हलत असतात, आणि तेवढ्यात बाहेर बसलेल्या नातेवाइकांना आत बोलावणे येते. पडद्यावरच्या एका चिमटलेल्या जागेवर बोट ठेवून डॉक्टर विचारतात, "इथे ऐंशी टक्के अडथळा आहे. नळी आत आहेच, तर आत्ताच स्टेंट घालून घेऊ या का?" (स्टेंट म्हणजे अरुंद झालेली वाहिनी उघडी ठेवणारी धातूची बारीक जाळी.) माझ्या थोरल्या भावाच्या वेळी त्या पडद्यासमोर मी उभा होतो आणि मी मिनिटभरात सही करून मोकळा झालो. तो स्टेंट त्याला खरोखर हवाच होता, हे मला पुढे कळले; सही करताना मात्र मला त्यातले काहीच ठाऊक नव्हते, आणि ते मला अजून खटकते.

पुढचा मजकूर त्या मिनिटाच्या आधी, घरी बसून, सावकाश करायच्या विचाराविषयी आहे. हा वाचून कोणी परस्पर निर्णय घ्यावा असा हेतू नाही. डॉक्टरांसमोर बसल्यावर नेमके काय विचारायचे आणि मिळालेल्या उत्तराचा अर्थ काय लावायचा, एवढेच हाती लागले तरी पुरे.

सगळ्यात आधी: झटका आला आहे का?

स्टेंट चांगला की वाईट, असा सरसकट प्रश्न विचारून काही निष्पन्न होत नाही, कारण हा एकच उपाय दोन अगदी निराळ्या प्रसंगी वापरला जातो. पहिला प्रसंग हृदयविकाराच्या झटक्याचा. रक्तवाहिनीच्या भिंतीत साचलेला मेदाचा थर अचानक फुटतो, त्या जखमेवर रक्ताची गुठळी धरते आणि वाहिनी पूर्ण बंद होते. त्यापुढे साधारण अर्ध्या तासातच हृदयाचा स्नायू मरू लागतो आणि मेलेला स्नायू पुन्हा जिवंत होत नाही. अशा वेळी बंद वाहिनी फुग्याने उघडून तिथे स्टेंट बसवणे, म्हणजे अँजिओप्लास्टी, हा आजचा सर्वांत खात्रीचा उपचार आहे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आणि तातडीची अँजिओप्लास्टी यांची तुलना करणाऱ्या २३ चाचण्यांचा एकत्रित आढावा २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या ७,७३९ रुग्णांपैकी इंजेक्शन दिलेल्यांत पहिल्या काही आठवड्यांत शंभरात ९ दगावले, तर अँजिओप्लास्टी झालेल्यांत ७. पुन्हा झटका येणे आणि पक्षाघात होणे, हेही अँजिओप्लास्टीच्या बाजूला कमी आढळले.

म्हणून छातीवर दगड ठेवल्यासारखे दडपण, ते डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत सरकणे, दरदरून घाम आणि विश्रांतीनेही न थांबणारे दुखणे अशी लक्षणे असतील, तर हा लेख बाजूला ठेवून ताबडतोब रुग्णवाहिका बोलवावी. तिथे हिशेब करत बसायचे नसते. ईसीजीवर मोठा झटका दिसला तर अँजिओप्लास्टीची सोय असलेल्या रुग्णालयात तासा-दीड तासात वाहिनी उघडली जावी, आणि अशा रुग्णालयात पोहोचून वाहिनी उघडायला दोन तासांहून अधिक लागणार असतील तर गुठळी विरघळवणारे औषध आधी देऊन मग रुग्णाला हलवावे, असा सर्वमान्य दंडक आहे. ईसीजीत ठळक बदल नाहीत पण रक्तातील ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारे प्रथिन) वाढले आहे, अशा झटक्यात काही तासांची उसंत असते. तरीही धोका जास्त असलेल्या रुग्णाची अँजिओग्राफी साधारण पहिल्या २४ तासांत व्हावी अशी अपेक्षा असते आणि तिथेही स्टेंटचे पारडे जड आहे.

याला एक अपवाद आहे आणि तो नातेवाइकांना सहसा कोणी सांगत नाही. झटका येऊन बरेच दिवस उलटले आहेत, वाहिनी पूर्ण बंद आहे, पण रुग्ण स्थिर आहे आणि छातीत दुखतही नाही, अशा स्थितीत ती वाहिनी आता उघडून काय मिळते? झटक्यानंतर ३ ते २८ दिवसांच्या अशा २,१६६ रुग्णांवरचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. चार वर्षांच्या पाठपुराव्यात वाहिनी उघडल्याने मृत्यू, नवा झटका किंवा हृदय कमकुवत होणे यांत घट झाली नाही. "उशीर झाला असला तरी उघडून घेतलेली बरी" हे ऐकायला शहाणपणाचे वाटते, पण पुरावा तसा नाही.

झटका नाही, पण अडथळा सापडला आहे

दुसरा प्रसंग असा: चालताना, जिना चढताना छाती भरून येते, थांबल्यावर दोन-पाच मिनिटांत बरे वाटते आणि महिनोन्महिने हे असेच चालू आहे. किंवा काहीच त्रास नाही, पण नेहमीच्या तपासणीत स्ट्रेस टेस्टमध्ये, म्हणजे हृदयावर ताण देऊन केलेल्या चाचणीत, दोष दिसला आणि त्या वाटेने अँजिओग्राफी झाली. खरा विचार इथे करायचा असतो, आणि गफलतही इथेच होते.

ती गफलत तुंबलेल्या नळाच्या उपमेतून सुरू होते. नळात कचरा अडकला, तो काढला की पाणी वाहते, म्हणजे अडथळा काढला की झटका टळला, असे आपण धरून चालतो. हृदयाच्या वाहिन्यांचा आजार मात्र नळासारखा एका जागी नसतो. मेदाचे थर कमीअधिक प्रमाणात सगळ्या वाहिन्यांच्या भिंतींत पसरलेले असतात, आणि पुष्कळदा झटका येतो तो अँजिओग्राफीत किरकोळ दिसलेल्या, वाहिनी निम्मीही अरुंद न केलेल्या, पण आतून मऊ आणि पातळ आवरणाच्या थरामुळे. स्टेंट दोन-तीन सेंटिमीटर लांबीची एक जागा उघडी ठेवतो, उरलेल्या भिंतींशी त्याचा संबंध नसतो. कोलेस्टेरॉल उतरवणारे स्टॅटिन, रक्तदाबाची औषधे, तंबाखू सोडणे, साखर आटोक्यात ठेवणे या गोष्टी मात्र प्रत्येक भिंतीवर काम करतात.

हा केवळ तर्क राहिलेला नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या 'करेज' चाचणीत २,२८७ स्थिर रुग्णांपैकी निम्म्यांना उत्तम औषधे दिली आणि निम्म्यांना तीच औषधे देऊन शिवाय स्टेंट घातले. साडेचार वर्षांनंतर मृत्यू किंवा झटका यांचे प्रमाण स्टेंटच्या गटात १९ टक्के आणि केवळ औषधांच्या गटात १८.५ टक्के निघाले. त्या काळचे स्टेंट जुने होते, असा आक्षेप त्यावर घेतला गेला. मग ३७ देशांतल्या ५,१७९ रुग्णांवर 'इस्केमिया' ही चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१९ साली मांडले गेले आणि २०२० साली छापून आले. स्ट्रेस टेस्टमध्ये मध्यम किंवा तीव्र दोष असलेलेच रुग्ण तिच्यात घेतले होते, स्टेंटही नव्या पिढीचे होते आणि गरज असेल तिथे बायपास केली जात होती. सुमारे सव्वातीन वर्षांत आधी अँजिओग्राफी करून वाहिन्या उघडण्याच्या गटात १४५ आणि आधी औषधांवर ठेवलेल्या गटात १४४ रुग्ण मरण पावले. झटक्यांचा हिशेब जरा गुंतागुंतीचा आहे: उपचाराच्या वेळीच होणारे छोटे झटके पहिल्या गटात जास्त होते, तर पुढे आपोआप येणारे झटके त्या गटात कमी होते. दोन्हींची बेरीज-वजाबाकी होऊन एकंदरीत फरक उरला नाही.

या आकड्यांचा उलटा अर्थ काढणेही चुकीचे ठरेल. हृदयाच्या डाव्या मुख्य वाहिनीत, म्हणजे 'लेफ्ट मेन'मध्ये, मोठा अडथळा असलेले, हृदयाची पंपिंग क्षमता ३५ टक्क्यांखाली गेलेले, नुकताच झटका येऊन गेलेले आणि औषधे घेऊनही असह्य त्रास असलेले रुग्ण 'इस्केमिया'मध्ये घेतलेच नव्हते. आपण त्यांपैकी असाल तर हे निष्कर्ष आपल्याला लागू होत नाहीत. म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारावा: "माझ्या लेफ्ट मेनमध्ये अडथळा आहे का, आणि एकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग किती टक्के आले आहे?" या दोन उत्तरांवर पुढची सगळी चर्चा कोणत्या वळणाने जाणार ते ठरते.

अमेरिकेतल्या एका रुग्णालयात संमतीपत्रावर सही केलेल्या स्थिर रुग्णांना २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत विचारले गेले, तेव्हा त्यांपैकी ८८ टक्के लोकांना वाटत होते की या उपचाराने आपला झटका टळेल. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना बहुतेक रुग्णांच्या बाबतीत तसे वाटत नव्हते. एकाच कागदावर दोघांच्या सह्या होतात आणि दोघांच्या मनातले कारण निराळे असते.

मग स्टेंटने मिळते काय? दुखण्यातला आराम

आराम हा लहान फायदा नाही. ज्याला शंभर पावले टाकली की छाती दाबून थांबावे लागते, त्याचे आयुष्य आरामाने बदलते. प्रश्न इतकाच की तो आराम किती आणि कोणाला मिळतो.

हे मोजणे अवघड असते, कारण काहीतरी मोठे केले गेले या भावनेनेच अनेकांना बरे वाटते. लंडनच्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या 'ऑर्बिटा' चाचणीत म्हणूनच एक धाडसी मार्ग पत्करला. एका वाहिनीत मोठा अडथळा असलेल्या २०० रुग्णांना आधी सहा आठवडे औषधे पुरेशा मात्रेत दिली, मग सर्वांना टेबलावर घेतले, कानांना संगीत चालू असलेले हेडफोन लावले, गुंगी दिली आणि त्यांपैकी निम्म्यांनाच प्रत्यक्ष स्टेंट घातला. आपल्याला स्टेंट मिळाला की नाही हे कोणत्याच रुग्णाला ठाऊक नव्हते. सहा आठवड्यांनी ट्रेडमिलवर चालण्याच्या वेळेत दोन्ही गटांत फरक निघाला जेमतेम १६.६ सेकंदांचा, म्हणजे योगायोगानेही येऊ शकेल इतका. पुढे २०२३ साली आलेल्या दुसऱ्या 'ऑर्बिटा'त ३०१ रुग्णांची छातीदुखीवरची औषधे थांबवून हाच प्रयोग केला, तेव्हा स्टेंट मिळालेले रुग्ण सुमारे एक मिनिट जास्त चालू शकले. बारा आठवड्यांनी त्यांच्यातले ४० टक्के पूर्णपणे दुखणेमुक्त होते, तर नुसते टेबलावर जाऊन आलेल्यांतले १५ टक्के.

मला यातून दोन गोष्टी दिसतात. स्टेंटमुळे दुखणे खरोखर कमी होते, तो केवळ मनाचा खेळ नाही. पण औषधे नीट चालू असतील तर त्यावर स्टेंटने पडणारी भर लहान असते, आणि स्टेंट घालूनही दहातल्या सहा जणांचे दुखणे समूळ गेले नव्हते. 'इस्केमिया'तही हेच दिसले: ज्यांना रोज किंवा आठवड्याला त्रास होता त्यांना चांगला आराम मिळाला, आणि ज्यांना मागच्या महिन्यात त्रासच नव्हता त्यांना आरामाच्या दृष्टीने जवळपास काहीच मिळाले नाही. मुळात जे नाही ते स्टेंट कमी कसे करणार?

तेव्हा निर्णयाआधी दोन आठवडे एक साधी वही ठेवावी. तारीख, वेळ, त्या वेळी काय चालले होते, दुखणे कुठे आणि कसे होते, किती मिनिटांनी थांबले, जिभेखालची गोळी लागली का, एवढेच लिहावे. अशा वहीतले एक पान असे असते: "सकाळी ७.१०. चढावर चालताना, साधारण चौथ्या मिनिटाला छातीच्या मधोमध दाब. थांबलो. तीन मिनिटांत गेला. गोळी घेतली नाही." आणि दुसऱ्या कोणाच्या वहीत असेही पान निघते: "रात्री ११. अंथरुणावर कूस बदलताना डाव्या बरगडीपाशी टोचल्यासारखे, क्षणभर. दिवसभर चाललो, काही झाले नाही." पहिले वर्णन हृदयाच्या रक्तपुरवठ्याशी जुळते. दुसरे फारसे जुळत नाही, आणि त्या टोचण्यासाठी स्टेंट घातला तर ते टोचणे बहुधा तसेच राहील. "छातीत दुखते" या दोन शब्दांपेक्षा ही वही डॉक्टरांना कितीतरी जास्त सांगते.

त्याच काळात औषधांची नीट परीक्षा होऊ द्यावी. ठोके मंदावणारे बीटा ब्लॉकर, वाहिन्या सैल करणारी कॅल्शियम चॅनल गटातली औषधे आणि नायट्रेट यांपैकी एक किंवा दोन पुरेशा मात्रेत, काही आठवडे, न चुकता घेतल्याशिवाय "औषधांनी फरक पडत नाही" असे म्हणता येत नाही. नुसत्या अर्ध्या गोळीवर चार दिवस काढून स्टेंटकडे वळलेले लोक मी पाहिले आहेत.

अहवालातली टक्केवारी कशी वाचावी

"एलएडी (हृदयाच्या पुढच्या बाजूची मोठी वाहिनी), मधला भाग, ७० टक्के" असे अहवालात लिहिलेले असते आणि तो आकडा घरात सगळ्यांच्या तोंडी होतो. ही टक्केवारी वाहिनीच्या व्यासाची असते. व्यास ७० टक्क्यांनी कमी झाला, म्हणजे आतला पोकळ भाग गणिताने ९१ टक्क्यांनी कमी झाला. हे ऐकून घाबरायला होते खरे, पण हा आकडा बहुतेक वेळा पडद्यावरची सावली पाहून डोळ्यांनी केलेला अंदाज असतो, आणि तीच फिल्म पाहून दोन अनुभवी डॉक्टर निरनिराळे आकडे सांगू शकतात. शिवाय वाहिनी किती अरुंद आहे आणि तिच्यामुळे रक्त खरोखर कमी पडते का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'एफएफआर' या तपासणीतून मिळते. टोकाला दाबमापक असलेली केसासारखी तार अडथळ्याच्या पलीकडे नेऊन तिथला दाब आणि अलीकडचा दाब यांचे गुणोत्तर काढतात. ते ०.८० किंवा त्याहून कमी आले तर अडथळा खरोखर आड येतो आहे असे धरतात. त्याहून जास्त आले तर तिथे स्टेंट न घालणेच योग्य मानतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या 'फेम' चाचणीत १,००५ रुग्णांपैकी निम्म्यांचे स्टेंट नुसत्या डोळ्यांच्या अंदाजावर आणि निम्म्यांचे या मोजणीवर ठरवले. मोजून घालणाऱ्यांत प्रत्येक रुग्णामागे सरासरी २.७ ऐवजी १.९ स्टेंट लागले, आणि वर्षभरात मृत्यू, झटका किंवा पुन्हा उपचार यांपैकी काही ना काही १८.३ ऐवजी १३.२ टक्के रुग्णांच्या वाट्याला आले. याच चाचणीत असेही आढळले की डोळ्यांना ५० ते ७० टक्के वाटलेल्या अडथळ्यांपैकी केवळ ३५ टक्के खऱ्या अर्थाने रक्त अडवत होते. ७१ ते ९० टक्के वाटलेल्यांपैकी ८० टक्के, आणि त्यावरच्यांपैकी जवळपास सगळेच.

म्हणजे ५० ते ७० टक्के असा आकडा हाती आला तर "एफएफआर केले का?" हे विचारलेच पाहिजे. ९५ टक्के असेल आणि दुखण्याचे वर्णन जुळत असेल तर तो प्रश्न विचारून फारसे काही साधत नाही.

बायपासचा प्रश्न टाळू नये

छाती उघडायची नसेल तर बरे, असे कोणालाही वाटणार. तरी मधुमेह असलेल्या आणि दोन-तीन वाहिन्यांत मोठे अडथळे असलेल्या रुग्णाने बायपासविषयी हृदय शल्यचिकित्सकाचे मत घेतल्याशिवाय स्टेंटला होकार देऊ नये, हे मी ठामपणे लिहितो. अशा १,९०० रुग्णांवरच्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या 'फ्रीडम' चाचणीत पाच वर्षांत स्टेंटच्या गटातले १६.३ टक्के आणि बायपासच्या गटातले १०.९ टक्के रुग्ण मरण पावले. पक्षाघात मात्र बायपासच्या गटात जास्त, ५.२ टक्के, तर स्टेंटच्या गटात २.४ टक्के होता. बायपास पुढच्या सगळ्या भागाला नवा रस्ता देते, त्यामुळे वाटेत पुढे नवा थर फुटला तरी रक्त पोहोचते. स्टेंट फक्त आजची जागा उघडतो. लेफ्ट मेनच्या आजारातही, अडथळ्यांची रचना किती गुंतागुंतीची आहे हे पाहून दोन्ही पर्यायांचा विचार कार्डिऑलॉजिस्ट आणि शल्यचिकित्सक यांनी एकत्र बसून करायचा असतो.

जोखीम: त्या दिवसाची आणि त्यानंतरच्या वर्षांची

ठरवून केलेल्या अँजिओप्लास्टीत जिवाला धोका एक टक्क्याहून कमी असतो आणि पक्षाघाताचा धोका त्याहूनही कमी. मनगटातून नळी घातली तर जांघेपेक्षा रक्तस्राव कमी होतो. वाहिनीला चीर जाणे, छोटी फांदी बंद होऊन किरकोळ झटका येणे, वाहिन्या पडद्यावर दिसाव्यात म्हणून सोडलेल्या डायमुळे मूत्रपिंडावर ताण येणे हे त्या दिवसाचे धोके होत. मूत्रपिंडाची स्थिती सांगणारे क्रिएटिनिन आधीच वाढलेले असेल तर तो आकडा डॉक्टरांच्या नजरेस आपण होऊन आणून द्यावा.

लोक या दिवसाला घाबरतात. मला मात्र त्यानंतरचा हिशेब जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तो समजायला थोडा इतिहास लागतो. फुग्याने वाहिनी उघडण्याचा पहिला प्रयोग आंद्रेआस ग्रुंट्सिग यांनी १९७७ साली झुरिकला केला. नुसत्या फुग्याने उघडलेल्या वाहिन्यांपैकी तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक काही महिन्यांत पुन्हा आवळत असत, म्हणून १९८६ साली धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, आला. त्याने हे प्रमाण उतरले, पण जाळीच्या आत नवे मांस वाढून वाहिनी पुन्हा अरुंद होऊ लागली. मग ती वाढ रोखणारे औषध लावलेले स्टेंट २००२-०३ पासून बाजारात आले आणि पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण दहा टक्क्यांच्या खाली गेले. नवे ते सगळे चांगले असेही नाही: शरीरात विरघळून जाणाऱ्या 'ॲब्सॉर्ब' या स्टेंटचा मोठा गाजावाजा झाला, पण त्यात गुठळ्या जास्त होतात असे दिसल्यावर २०१७ साली त्याची विक्री थांबवण्यात आली.

औषधी स्टेंटची किंमत रुग्णाला गोळ्यांच्या रूपाने मोजावी लागते. वाहिनीच्या आतले नाजूक अस्तर जाळीवर पूर्ण पसरेपर्यंत उघड्या धातूवर गुठळी धरू शकते. नव्या स्टेंटमध्ये पहिल्या वर्षात हे साधारण शंभरात एकाच्या किंवा त्याहून कमी जणांच्या बाबतीत घडते, पण घडले तर मोठा झटका येतो आणि त्यात मृत्यूचे प्रमाण बरेच आहे. ते टाळण्यासाठी ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीला क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल यांपैकी एक गोळी घ्यावी लागते: स्थिर रुग्णाला सहसा सहा महिने, झटक्यानंतर सहसा वर्षभर. पुढे एक गोळी बहुधा कायमची. रक्तस्रावाचा धोका जास्त असलेल्यांसाठी हा काळ एक ते तीन महिन्यांवरही आणता येतो, पण तो डॉक्टरांनीच आणायचा असतो. दात काढायचा आहे म्हणून, किंवा अंगावर निळे डाग दिसले म्हणून, स्वतःच्या मनाने दोन्ही गोळ्या बंद करणे ही स्टेंट बंद पडण्याची सर्वांत टाळता येण्याजोगी वाट आहे.

म्हणूनच स्टेंटचा निर्णय केवळ हृदयाचा नसतो. येत्या सहा महिन्यांत गुडघ्याचे, पोटाचे किंवा प्रोस्टेटचे ऑपरेशन ठरले आहे का? पूर्वी पोटात व्रण होऊन रक्त गेले आहे का? हिमोग्लोबिन ११ च्या खाली आहे का? वय ७५ च्या पुढे आहे का? ठोक्यांच्या अनियमिततेसाठी रक्त पातळ ठेवणारी दुसरी गोळी आधीच चालू आहे का? यांतले एक उत्तर जरी होकारार्थी असले तरी ते टेबलावर जाण्याआधी सांगायला हवे, कारण एकदा जाळी बसली की ती काढता येत नाही आणि गोळ्या टाळता येत नाहीत. टिकाग्रेलॉरने काहींना धाप लागल्यासारखे वाटते, हेही आधी ठाऊक असलेले बरे. नाहीतर हृदय बिघडले या भीतीने धावाधाव होते.

पहिले वर्ष सुरळीत गेले म्हणजे स्टेंटचा विषय संपला, असेही नाही. त्यानंतरही दरवर्षी साधारण दोन टक्के रुग्णांना त्या स्टेंटशी निगडित काही ना काही त्रास होत राहतो, असे अनेक चाचण्या एकत्र पाहता दिसते. एमआरआय करता येईल का, ही काळजी मात्र सोडून द्यावी; आजचे स्टेंट त्याला अडसर ठरत नाहीत. स्टेंटचे कार्ड तेवढे जवळ ठेवावे.

प्रत्यक्ष ठरवताना

झटका नसलेल्या रुग्णाने अँजिओग्राफीच्या आदल्या दिवशीच डॉक्टरांशी स्पष्ट बोलून घ्यावे. मी असे सुचवेन: "लेफ्ट मेनमध्ये किंवा जिवाला धोका होईल असे काही आढळले तर आपण ठरवाल ते मान्य आहे. पण तसे नसेल तर आज फक्त अँजिओग्राफी करावी, फिल्म पाहून आपण बसून बोलू." बहुतेक डॉक्टर याला हरकत घेत नाहीत, आणि हे शब्द संमतीपत्रावर लिहून घेता येतात. याचा तोटाही मान्य केला पाहिजे: पुढे स्टेंट ठरलाच तर पुन्हा एकदा टोचणे, पुन्हा डाय, पुन्हा रुग्णालयात येणे. ज्याची वही, औषधांची परीक्षा आणि स्ट्रेस टेस्ट आधीच एका दिशेने बोट दाखवत आहेत, त्याने हा दुसरा हेलपाटा उगाच घेऊ नये. त्याने आधीच होकार देऊन ठेवावा.

मग चर्चेला बसल्यावर एकच प्रश्न तीन वेळा विचारावा: हा स्टेंट घातला नाही तर माझ्या आयुष्याच्या लांबीत काय फरक पडेल, माझ्या झटक्याच्या धोक्यात काय फरक पडेल आणि माझ्या दुखण्यात काय फरक पडेल? "रक्तपुरवठा सुधारेल" हे यांपैकी कशाचेच उत्तर नव्हे. पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर "फारसा नाही" असे आले आणि तिसऱ्याचे "पुष्कळ" असे आले, तर निर्णय पूर्णपणे रुग्णाच्या हातात असतो. दोन-तीन गोळ्या आणि त्यांचा थकवा नको, मोकळेपणी चालता यावे, असे ज्याला वाटते त्याने स्टेंट घेणे अगदी रास्त आहे. थोडे सावकाश चालून ज्याचे भागते त्याने न घेणे तितकेच रास्त. मुलांनी वडिलांच्या वतीने हे ठरवू नये. छाती कोणाची दुखते ते पाहावे.

न घालायचे ठरले, तर निर्णय कायमचा झाला असे समजू नये. 'करेज' चाचणीत औषधांवर ठेवलेल्यांपैकी जवळपास तिसरा हिस्सा पुढच्या काही वर्षांत स्टेंट किंवा बायपासकडे आलाच, आणि थांबल्यामुळे त्यांच्या गटात मृत्यू किंवा झटके वाढले नाहीत. एलडीएल, म्हणजे वाईट, कोलेस्टेरॉल स्टॅटिनने ५५ ते ७० च्या खाली आणणे, रक्तदाब आणि साखर यांची नोंद ठेवणे, तंबाखू पूर्ण बंद करणे आणि रोज चालणे हा उपचार दोन्ही वाटांवर सारखाच आहे. स्टेंट घातला म्हणून त्यातली एकही गोष्ट सुटत नाही. तीन महिन्यांनी वही घेऊन पुन्हा भेटायची तारीख त्याच दिवशी ठरवावी. आणि त्याआधी दुखणे कमी श्रमात येऊ लागले, जास्त वेळ टिकू लागले, विश्रांतीत किंवा झोपेत आले, अथवा जिभेखालची गोळी घेऊनही पाच मिनिटांत ओसरले नाही, तर तारखेची वाट न पाहता आणि स्वतः गाडी न चालवता तत्क्षणी रुग्णालय गाठावे. तो आता स्थिर आजार राहिलेला नसतो आणि आधी केलेला सगळा हिशेब तिथे बाद होतो.